मासुन्ते: मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या कासवांच्या गावी कसं जायचं, कसं राहायचं

मेक्सिकोला जाणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी कान्कूनला उतरतात, मनगटाला रिसॉर्टचा पट्टा बांधून घेतात आणि आठवड्याने तसेच परत फिरतात. त्यात वाईट काही नाही. पण ज्यांना समुद्राबरोबर एखादं गावही हवं असतं त्यांनी देशाच्या दुसऱ्या बाजूला, प्रशांत महासागराच्या काठी, वाहाका राज्यातल्या मासुन्तेला जावं. (नकाशावर शोधताना स्पेलिंगमध्ये ‘झेड’ टाका, पण तिथे कुणाला विचारताना उच्चार ‘स’चा करा.)

एक मुख्य रस्ता, त्यावरून समुद्राकडे उतरणाऱ्या मोजक्या मातीच्या गल्ल्या, झावळ्यांची छपरं आणि मागे झाडीची टेकडी, एवढाच या गावाचा पसारा. 1990 पर्यंत इथल्या घरांची चूल कासवांच्या कत्तलीवर पेटत होती. शेजारच्या सान आगुस्तिनियो गावात कत्तलखाना होता. कासवांचं मांस आणि कातडं तिथून बाहेर जायचं. 1990 मध्ये मेक्सिकोच्या सरकारने समुद्री कासवं मारण्यावर देशभर बंदी घातली आणि गावाचा रोजगार एका फटक्यात गेला. त्यानंतर गावात सरकारी कासव केंद्र उभं राहिलं. ‘बॉडी शॉप’ या ब्रिटिश कंपनीच्या मदतीने साबण-तेलं बनवणारी सहकारी संस्था सुरू झाली. पलीकडच्या खाडीत लोक पाहुण्यांना होडीतून फिरवू लागले. 1997 च्या ऑक्टोबरात पॉलीन चक्रीवादळाने यातलं बरंचसं उद्ध्वस्त केलं, ते लोकांनी पुन्हा उभं केलं.

इथलं मुख्य कासव ऑलिव्ह रिडले, म्हणजे आपल्या वेळास, आंजर्ले, गुहागरला येतं तेच. वेळासच्या कासव महोत्सवाला जाऊन आलेल्या माणसाला मासुन्तेची गोष्ट समजवावी लागत नाही. हे गाव आता पाहुण्यांवर जगतं, त्यामुळे पाहुणा पैसे कुणाच्या हातात देतो आणि किनाऱ्यावर कसा वागतो, यावर तिथे बरंच काही अवलंबून असतं. पुढचा सगळा सल्ला त्याच अंगाने आहे. आणि एक आग्रहाचं सांगणं: किमान चार रात्री काढा. जवळच्या पुएर्तो एस्कोंदिदो शहरातून दिवसभराची सहल करून मासुन्ते ‘उरकणारे’ पुष्कळ असतात. त्यांच्या वाट्याला गर्दीची दुपार आणि एक सूर्यास्त येतो.

## आधी व्हिसा

भारतीय पासपोर्टवर मेक्सिकोला व्हिसा लागतो, पण एक मोठी सवलत आहे. तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांपैकी कुणाचाही मुदतीतला व्हिसा असेल, किंवा तिथलं कायम वास्तव्य असेल, तर मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागत नाही. पर्यटक म्हणून जास्तीत जास्त 180 दिवस राहता येतं.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींनी इथे जरा थांबून पासपोर्ट उघडून बघावा. व्हिसाचा स्टिकर मुदतीतला हवा. स्टिकरची मुदत संपली असेल आणि हातात फक्त आय-797 चा मंजुरीचा कागद असेल, तर मेक्सिकोच्या दृष्टीने तो व्हिसा नव्हे. विमान कंपनी चेक-इनलाच अडवते. यातलं काहीच नसेल तर मेक्सिकन दूतावासात अर्ज करावा लागतो. त्यासाठी बँकेचे स्टेटमेंट, नोकरी-धंद्याचे कागद आणि अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ, हे सगळं धरून दोन-तीन महिने आधी हालचाल करा.

भारतातून निघणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी अमेरिकेचा व्हिसा लागतोच. तो नसेल तर युरोपमार्गे, इस्तंबूलमार्गे किंवा दुबई-बार्सिलोना असं मेक्सिको सिटी गाठा. ज्या देशात विमान बदलणार तिथला ट्रान्झिटचा नियम तिकीट काढण्याआधी पाहून घ्या.

उतरल्यावर इमिग्रेशनचा अधिकारी शिक्क्यावर किती दिवस दिले ते लिहितो. काउंटरवरून हलण्याआधी तो आकडा वाचा. कधी कधी तो तुमच्या परतीच्या तारखेला कमी पडेल इतका लहान असतो आणि तिथल्या तिथे सांगितलं तरच दुरुस्त होण्याची आशा. परतीचं तिकीट आणि पहिल्या मुक्कामाचा पत्ता कागदावर छापलेला जवळ असू द्या.

## कोणत्या महिन्यात

मासुन्तेचा अक्षांश वेंगुर्ला आणि पणजी यांच्या मधला. म्हणजे ऊन, दमटपणा, घाम, नारळ हे सगळं ओळखीचं. फरक आहे तो पावसाच्या ढंगात आणि किनाऱ्याच्या तोंडात. पाऊस साधारण जून ते ऑक्टोबर, पण आपल्यासारखी झड लागत नाही. दुपारनंतर किंवा रात्री कोसळून जातो. आणि इथला किनारा पूर्व-पश्चिम पसरलेला, दक्षिणेला तोंड करून आहे. म्हणून हिवाळ्यात एकाच टोकावरून सूर्य समुद्रातून उगवताना आणि समुद्रातच मावळताना दिसतो, जे कोकणात कुठूनही दिसायचं नाही.

नोव्हेंबर ते एप्रिल हा कोरडा काळ. डिसेंबर ते मार्च हंपबॅक देवमासे किनाऱ्याजवळून जातात. नाताळ ते नवीन वर्ष आणि ईस्टरचा आठवडा मात्र टाळा. तेव्हा सगळा मेक्सिको समुद्राकडे धावतो आणि खोल्यांचे भाव भलतेच चढतात. माझी पसंती नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या मध्यापर्यंत: टेकड्या अजून हिरव्या असतात, गर्दी नसते आणि कासवांचा हंगामही पुरता संपलेला नसतो.

चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम 15 मे ते 30 नोव्हेंबर. हे निव्वळ कागदावरचं नाही. 30 मे 2022 ला अगाथा चक्रीवादळ थेट याच पट्ट्यात, पुएर्तो आन्हेलच्या जवळ जमिनीवर आलं. पावसाळ्यात जाणार असाल तर रद्द करता येणारं बुकिंग आणि प्रवास विमा दोन्ही हवेत.

## पोचायचं कसं

गावाला दोन विमानतळ जवळचे. पूर्वेला वातुल्को, तिथून गाडीने तासाभराच्या आत-बाहेर. पश्चिमेला पुएर्तो एस्कोंदिदो, तिथून तासाहून थोडं अधिक. दोन्हीकडे मेक्सिको सिटीहून विमानं येतात. अमेरिकेतून निघणाऱ्यांना ह्यूस्टनहून वातुल्कोचं थेट विमान मिळू शकतं.

तिकीट काढताना मेक्सिको सिटीत कोणता विमानतळ लिहिलाय ते पाहा. शहरातला जुना विमानतळ वेगळा आणि 2022 मध्ये उघडलेला फेलिपे आन्हेलेस वेगळा. दोन्हींमध्ये चाळीसेक किलोमीटरचं अंतर आणि राजधानीची वाहतूक. स्वस्त तिकिटाच्या नादात एकीकडे उतरायचं आणि दुसरीकडून उडायचं असं झालं तर मध्ये एक रात्र धरा.

वातुल्कोला उतरलात तर दोन पर्याय. विमानतळाच्या आतली टॅक्सी सोयीची पण महाग. सामान कमी असेल तर फाटकाबाहेर चालत महामार्ग क्रमांक 200 वर या. तिथून पोचुत्लाकडे जाणारी बस किंवा टॅक्सी बऱ्याच कमी पैशात मिळते. पोचुत्ला हे या भागातलं बाजाराचं गाव. बँका, औषधांची दुकानं, सरकारी रुग्णालय, सगळं तिथेच.

पोचुत्लाहून पुढे ‘कामियोनेता’ पकडा. पिकअप ट्रकच्या मागे दोन्ही बाजूंना लाकडी किंवा लोखंडी बाकडी, वर ताडपत्री. चढणारे आपापल्या पिशव्या पायाशी ओढून जागा करून देतात. कोंबड्या, बर्फाची लादी, शाळेची पोरं, सर्फबोर्ड घेतलेला कुणी गोरा, सगळे गुडघ्याला गुडघे लावून. गाडी सिपोलिते, सान आगुस्तिनियो करत मासुन्तेला येते. उतरायचं असेल तर आधीच वरचा दांडा ठोकायचा किंवा मोठ्याने ‘बाहान!’ म्हणायचं. पैसे उतरल्यावर पुढे जाऊन ड्रायव्हरला द्यायचे. सुटे हवेत. अंधार पडल्यावर या गाड्या कमी होत होत बंद होतात, तेव्हा तुमचं विमान दुपारनंतर उतरणार असेल तर सरळ टॅक्सी ठरवा.

पुएर्तो एस्कोंदिदोहून येताना पोचुत्लाच्या बसमध्ये बसा आणि सान आन्तोनियोच्या फाट्यावर उतरा. तिथून मासुन्ते पाच-सहा किलोमीटर. फाट्यावर शेअर टॅक्सी उभ्या असतात, चार जण झाले की सुटतात.

वाहाका शहर पाहून मग समुद्रावर यायचं ठरवलंत (आणि ठरवावंच) तर रस्त्याचे दोन प्रकार आहेत. जुना रस्ता मियावात्लान आणि सान होसे देल पासिफिको करत डोंगर ओलांडून पोचुत्लाला उतरतो. सहा-सात तास, वळणं संपता संपत नाहीत आणि व्हॅनमधल्या निदान एकाला तरी उलटी होते. आंबोली घाट सहज उतरणाऱ्यांनीही गोळी घेऊनच बसावं. नवा महामार्ग फेब्रुवारी 2024 मध्ये खुला झाला. त्याने पुएर्तो एस्कोंदिदो तीन तासांच्या आसपास आलं आहे. एक गोंधळ टाळा: या महामार्गाच्या नावात ‘वेन्तानिया’ आहे, पण ते पुएर्तो एस्कोंदिदोजवळचं ठिकाण. मासुन्तेच्या शेजारची ला वेन्तानियाची खाडी वेगळी.

रात्रीचा प्रवास रस्त्याने करू नका. वळणं, गुरं, रस्त्यात आडवे घातलेले उंचवटे आणि क्वचित लूटमार, कारणं पुरेशी आहेत.

## पैसे, फोन, वीज

गावात कार्ड चालेल या भरवशावर राहू नका. त्लायुदा (मक्याची कडक पोळी) विकणारी बाई, कामियोनेता, होडीवाला, सगळा व्यवहार रोख पेसोंचा. एक पेसो म्हणजे पाच रुपयांच्या आसपास. विमानतळावर किंवा पोचुत्लाच्या बँकेतल्या एटीएममधून चार दिवसांचे पैसे काढून घ्या. मशीन ‘आमच्या दराने रूपांतर करू का’ असं विचारतं, तिथे नाही म्हणायचं, म्हणजे तुमच्या बँकेचा दर लागतो. पाचशेची नोट दिसली की छोट्या दुकानदाराचं तोंड वाकडं होतं, म्हणून मोठी नोट मोठ्या दुकानात मोडून घ्या.

सिमकार्ड तेलसेलचं घ्या. या पट्ट्यात त्याचीच रेंज त्यातल्या त्यात धड. वीज 127 व्होल्टची आणि पिना अमेरिकेसारख्या चपट्या. मोबाइलचा चार्जर चालेल, पण भारतातून नेलेली छोटी किटली किंवा इस्त्री चालणार नाही. घरी फोन करायचा तर भारत साडेअकरा तास पुढे. तिथली सकाळ म्हणजे भारतातली संध्याकाळ.

## खोली बघताना

मोठी हॉटेलं इथे नाहीत, आणि नसलेलीच बरी. हॅमॉक टांगायची जागा, डॉर्म, बांबू-मातीच्या खोल्या आणि टेकडीवरची काही महाग घरं, असा साधारण चढता क्रम. पहिल्या दोन रात्रीच आधी ठरवा. बाकीच्या तिथे जाऊन, खोली डोळ्यांनी बघून.

बघताना चार गोष्टी तपासा. मच्छरदाणी आहे का आणि ती फाटकी नाही ना. पंखा पलंगाच्या वर आहे की कोपऱ्यात. वारा आरपार जातो का. किनाऱ्याच्या पश्चिम टोकाकडच्या रिन्कोन्सितोच्या गल्लीत रात्री गाणं-बजावणं किती वाजेपर्यंत चालतं. समुद्राला लागून असलेली खोली फोटोत सुंदर दिसते, पण तिथे वारा पडला की भट्टी होते. टेकडीवर झोप चांगली लागते, मात्र पायऱ्या शंभरापर्यंत असू शकतात. बरोबर आई-वडील असतील तर ‘पायऱ्या किती’ आणि ‘गरम पाणी आहे का’ हे दोन प्रश्न बुकिंगच्या आधीच विचारा, कारण गरम पाणी इथे गृहीत धरता येत नाही.

संडासात कागद टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा. नळाचं पाणी प्यायचं नाही. वीस लिटरच्या मोठ्या बाटलीतून आपली बाटली भरून घ्यायची सोय जवळपास सगळीकडे असते.

## समुद्राशी कसं वागायचं

इथे थोडं लक्ष देऊन वाचा. हा प्रशांत महासागर आहे. नाव शांत, स्वभाव नाही. आपल्याकडे पोरं पाण्यात मैलभर आत गेली तरी कंबरेएवढंच, तसं इथे नसतं. वाळू पाण्यापाशी एकदम खाली उतरते आणि लाट ऐन किनाऱ्यावर फुटते. त्यामुळे गुडघाभर पाण्यात उभा असलेला माणूसही पाठीवर आपटतो.

मासुन्तेच्या किनाऱ्याचं पश्चिमेकडचं टोक, रिन्कोन्सितो, हा त्यातल्या त्यात शांत कोपरा. खडकाच्या आडोशाने लाट मोडून येते. पोहणं जेमतेम असेल तर तिथेच, आणि तेही सकाळी. सान आगुस्तिनियो पूर्वेला, रस्त्याने पंधरा-वीस मिनिटं चालत. लाटांवर बोर्ड घेऊन शिकायचं असेल तर तिथे शिकवणारे मिळतात. टेकडीच्या मागचा मेर्मेहिताचा किनारा सूर्यास्ताला अप्रतिम, पोहायला मात्र अजिबात नाही.

सिपोलिते आणखी थोडं पुढे. त्याबद्दल दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक, तिथे पाण्याचे परत ओढणारे प्रवाह इतके जोरदार असतात की माणसं बुडाल्याच्या घटना वर्षानुवर्षं घडत आल्या आहेत. बावटे लावलेले असतात. लाल असेल तर पाय भिजवण्यापुरतंच जा. ओढ लागलीच तर किनाऱ्याकडे थेट झगडू नका. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाच्या बाहेर पडा, मग लाटेबरोबर किनाऱ्याकडे या. दुसरी गोष्ट, सिपोलिते हा विवस्त्र वावरायला परवानगी असलेला किनारा आहे. सासूबाईंना घेऊन सकाळच्या फेरीला निघण्याआधी हे घरात बोलून घ्या. तिथे कॅमेरा बाहेर काढणं असभ्य मानतात.

## कासवं

गावातल्या कासव केंद्रापासून सुरुवात करा. जगातल्या समुद्री कासवांच्या सात जातींपैकी सहा मेक्सिकोच्या किनाऱ्यांवर अंडी घालतात. त्यांची तोंडओळख इथल्या टाक्यांसमोर तासाभरात होते. केंद्राचे बंद दिवस आणि वेळा बदलत असतात, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या दिवशी विचारून ठेवा.

पण खरी गोष्ट आहे एस्कोबियाची. पुएर्तो एस्कोंदिदोच्या वाटेवर हा लांबच लांब संरक्षित किनारा लागतो. आपल्या कोकणात ऑलिव्ह रिडलेच्या माद्या एकेकट्या येतात. इथे ओडिशातल्या गहिरमाथासारख्या झुंडीने येतात, हजारोंच्या संख्येने, सलग काही रात्री. याला तिथे ‘अरिबादा’ म्हणतात. जोर पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटाला असतो, साधारण महिन्यातून एकदा. तारीख आधी ठरवून मिळत नाही. गावातल्या लोकांकडे चौकशी चालू ठेवावी लागते.

तिथे एकट्याने जायचं नाही आणि जाऊही देत नाहीत. स्थानिक गावकऱ्यांच्या संस्थेचा वाटाड्या घ्यावा लागतो. पांढरा टॉर्च नको, फ्लॅश नको, मादी पाण्यातून वर चढत असताना तिच्या वाटेत उभं राहायचं नाही. ती खड्डा खणू लागली की मागच्या बाजूने, थोडं अंतर ठेवून बघायचं.

पिल्लं सोडण्याचा कार्यक्रम किनाऱ्यावर अनेक ठिकाणी होतो. पुएर्तो एस्कोंदिदोच्या बाकोचो किनाऱ्यावर पिल्लू तुमच्या हातात देत नाहीत, करवंटीत घालून देतात. कारण हाताला लावलेलं सनस्क्रीन आणि डासांचं मलम. करवंटी वाळूवर आडवी केली की पिल्लू क्षणभर थबकतं, मग वल्ह्यांसारखे पुढचे पाय आळीपाळीने मारत निघतं. मागे वाळूत दोन्ही बाजूंनी बारीक खुणांची रेघ उमटते. लाटेने परत फेकलं की पुन्हा. अशा वेळी उचलून पाण्यात ठेवायची ऊर्मी येते. ठेवायचं नाही, ते अंतर त्याचं त्यालाच चालायचं असतं.

कार्यक्रम निवडताना एवढं बघा: सोडणारे पिल्लं दिवसभर बादलीत भरून ठेवून पर्यटकांची वाट बघत असतील, किंवा हातात घेऊन फोटो काढायला देत असतील, तर पैसे देऊ नका. वेळासला शिस्त पाहिलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो. बोटीच्या सफरीतही कधी नावाडी फोटोसाठी तरंगतं कासव धरायला पाण्यात उडी टाकतो. निघण्याआधीच सांगा की हे नको. आणि कुणी हळूच अंडी खायला आणून विकू लागला तर घेणं हाही गुन्हाच आहे.

## टेकडी आणि खाडी

पुन्ता कोमेता हा समुद्रात घुसलेला डोंगरकडा वाहाका राज्याचं दक्षिणेचं टोक. गावातून चालत वीस-तीस मिनिटं. ही जागा इथल्या लोकांना पवित्र आहे आणि तिची देखभाल गावच करतं, त्यामुळे कधी वाट बंद असते, कधी देणगी मागतात. देऊन टाका. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या आसपास. पाऊण तास आधी पोचा आणि टॉर्च घेऊन जा, कारण परतीच्या वाटेवर मुळं आणि सुटे दगड आहेत. चपला नकोत, बूट घाला. खाली खडकांत एक कुंडासारखी जागा दिसते, तिचे फोटो खूप फिरतात. लाट वर चढते तेव्हा तिथून माणूस ओढला जाऊ शकतो, वरूनच पाहा. सूर्यास्ताला पन्नास माणसं असतात, सूर्योदयाला पाच. कोणती वेळ निवडायची ते सांगायला नको.

ला वेन्तानिया मासुन्तेच्या पश्चिमेला दोनेक किलोमीटर. खाडी, कांदळवन आणि मगरी. सहकारी संस्थेची माणसं वल्ह्याच्या होडीतून फिरवतात, इंजिन नाही, म्हणून पाण्यावर झाडाची फांदी घासली तरी ऐकू येते. मगर आधी दिसत नाही. वाटाड्या वल्हं थांबवून बोट दाखवतो, तरी आपल्याला ओंडकाच वाटतो, मग त्या ओंडक्याचा डोळा उघडतो. फांद्यांवर इग्वाना, चिखलात बगळे. पॉलीन वादळाने इथलं कांदळवन झोडपून काढलं होतं. आज दिसतं त्यातलं बरंचसं गावकऱ्यांनी पुन्हा लावलेलं आहे. सकाळी सात-आठला जा. दुपारी ऊन आणि डास दोन्ही सोसत नाहीत.

साबण-तेलांची सहकारी संस्था मुख्य रस्त्यावरच आहे. घरी न्यायच्या भेटवस्तू तिथूनच घ्या, दुसरीकडे हिंडू नका.

## पोटाची सोय

मासे खाणाऱ्यांना इथे प्रश्नच नाही. लाल तांबोशीच्या जातीचा वाचिनान्गो अख्खा तळून किंवा लसणात परतून देतात. कोळंबी, लिंबात मुरवलेलं सेविचे. दुपारी दोन ते चारच्या वेळात ‘कोमिदा कोरिदा’ विचारा: सूप, भात, एक मुख्य पदार्थ, सोबत मक्याच्या तोर्तिया आणि सरबत. आपली राईस प्लेटच समजा. शंभर पेसोंच्या आसपास पोट भरतं. सरबतात ‘हमाइका’ मागून बघा. लाल अंबाडीच्या बोंडांचं असतं, आंबटगोड आणि गर्द लाल.

संध्याकाळी त्लायुदा. निखाऱ्यावर हातभर रुंदीची मक्याची पातळ, कडक पोळी. बाई तिच्यावर चमच्याने डुकराच्या चरबीचा गाळ फिरवते, मग काळ्या घेवड्याची चटणीसारखी वाटलेली उसळ, कोबी, दोऱ्यासारखं सुटणारं केसियो चीज. अर्धी दुमडून पुन्हा निखाऱ्यावर. वर हवं ते मांस. ‘तासाहो’ म्हणजे गोमांस, ‘सेसिना’ इथे बहुधा डुकराचं. जे खात नाहीत त्यांनी आधी विचारावं.

शाकाहारी माणसाने इथे उपाशी राहायचं कारण नाही, पण नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणून भागत नाही. कार्ने म्हटलं की तांबडं मांस एवढंच त्यांच्या डोक्यात येतं, आणि ताटात चिकन किंवा हॅम येतो. एकेक नाव घेऊन सांगा: सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन. त्लायुदाला ‘सिन असियेन्तो’, म्हणजे तो चरबीचा गाळ नको. उसळीत चरबी आहे का यासाठी ‘तियेने मान्तेका?’ भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो, तेही विचारायचं. योगवर्गांमुळे गावात परदेशी धाटणीची शाकाहारी खानावळही मिळते, पण तिथे दाम दुप्पट. ज्यांचं भांडं वेगळं, तेल वेगळं असा काटेकोर नेम आहे, त्यांनी स्वयंपाकघराची मुभा असलेली खोली घ्यावी. काळा घेवडा, तांदूळ, टोमॅटो, कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू सगळं कोपऱ्यावर मिळतं. हळद-मोहरी तेवढी घरून न्या.

बिल आपणहून आणत नाहीत, तसं करणं उद्धटपणा वाटतो. उठायचं झालं की ‘ला क्वेन्ता, पोर फावोर’ म्हणा. बक्षिसी दहा ते पंधरा टक्के. खानावळीत शिरताना किंवा निघताना शेजारच्या टेबलावर जेवत असलेल्या अनोळखी माणसांनाही ‘प्रोवेचो’ म्हणतात. एकदा म्हणून बघा, चेहरे खुलतात. दुकानात शिरताच कामाचं बोलण्याआधी सकाळी ‘बुएनोस दियास’, दुपारनंतर ‘बुएनास तार्देस’. वयस्कर बाईला नुसत्या नावाने हाक मारू नका, आधी ‘दोन्या’ लावा.

## तब्येत आणि थोडी सावधगिरी

डेंग्यू आहे. पहाटे-संध्याकाळी अंगभर कपडे आणि डासांचं मलम. बूट घालण्याआधी झटकून घ्या, विंचू असतात. पोट बिघडण्याची शक्यता धरून ओआरएसची पाकिटं घरूनच न्या. साध्या औषधांना पोचुत्ला, गंभीर काही झालं तर वातुल्को किंवा पुएर्तो एस्कोंदिदो. आपत्कालीन फोन 911.

हा भूकंपाचा पट्टा आहे. 23 जून 2020 ला वातुल्कोजवळ 7.4 तीव्रतेचा धक्का बसला होता. किनाऱ्यावर असताना जोराचा किंवा लांबलेला हादरा जाणवला तर फोनवर बातमी शोधत बसू नका, टेकडीकडे चालू लागा.

किनाऱ्यावर पिशवी ठेवून सगळे एकदम पाण्यात जाऊ नका. रात्री उशिरा निर्जन वाळूवर एकट्याने फिरणं टाळा. कुणी अमली पदार्थ देऊ केले तर हसून नाही म्हणा आणि पुढे चला. आजूबाजूचे किती निवांत दिसतात यावर जाऊ नका.

## निघताना

सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्रीच टॅक्सी ठरवा, कामियोनेताच्या भरवशावर राहू नका. वातुल्को किंवा पुएर्तो एस्कोंदिदोहून मेक्सिको सिटीला उतरून त्याच दिवशी भारताकडचं विमान पकडण्याचं धाडस नको. पावसाळ्यात उड्डाणं लटकतात. राजधानीत एक रात्र ठेवली की जीव शांत.

मेस्कालची बाटली घ्यायची असेल तर कपड्यांत गुंडाळून चेक-इनच्या बॅगेत टाका. भारतात प्रत्येक प्रौढाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं. कासवाच्या पाठीचे दागिने, कंगवे किंवा कातड्याचं काहीही कुणी विकत असेल तर हात लावू नका. मेक्सिकोत आणि भारतात दोन्हीकडे ते बेकायदा आहे, आणि कस्टमच्या टेबलावर ‘मला माहीत नव्हतं’ हे कारण चालत नाही. उरलेले पेसो विमानतळावर बदलायला गेलात तर दर वाईट मिळतो, तेव्हा शेवटच्या मुक्कामाचं बिल रोखीत भागवा आणि सुट्या नाण्यांतून खोली झाडणाऱ्या बाईंची बक्षिसी ठेवून निघा.